बलून बसवा, चासीला करवत लावू नका

वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

प्रश्न : आमच्या नाशिकच्या पंचवटीतल्या घरी आजोबांची १९५२ची डॉज किंग्जवे आहे. इंजिन चालू झालंय, ब्रेकचं कामही झालं. आता तिला एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी बलून, करायचंय. उभी असताना खाली बसावी, निघताना वर यावी. इथल्याच द्वारकेकडचे एक फॅब्रिकेटर म्हणतात, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढून टाकू, भंगारात जुन्या बसचे बलून स्वस्तात मिळतात ते घालू, आणि एक्सलला वर यायला जागा हवी म्हणून चासीला (गाडीच्या पोलादी सांगाड्याला) खालून अर्धगोल खाच मारू. होकार देऊ का?

उत्तर : बलून लावा. सगळे पाटे काढणं, बसचे बलून आणि खाच, या तिन्हींना नाही म्हणा. कारणं एकेक करून सांगतो. तो फॅब्रिकेटर उद्या तुम्हाला पुन्हा पटवायला येईल, तेव्हा ती हाताशी असलेली बरी.

आधी खाच. त्या काळात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये व्हायची. दार, बोनेट, अगदी ग्रिलसुद्धा शोधून मिळतं, नाहीतर पत्र्यातून ठोकून घेता येतं. चासी मिळत नाही. मागच्या एक्सलवर चासी जिथे कमानीसारखी वर उचललेली असते, नेमकं तिथेच तिला सगळ्यात जास्त वाकवणारा जोर येतो. त्या जागी खालचा पट्टा कापला की वरून कितीही जाड प्लेट वेल्ड करा, मूळचा सलग पोलाद परत येत नाही. कुशल माणूस आतून बॉक्स करून, प्लेटची टोकं तिरपी ठेवून हे काम नीट करतो, अमेरिकेत हजारो गाड्यांवर झालंय. पण तिथे त्या मॉडेलची दुसरी चासी मिळू शकते. तुमच्याकडे एकच आहे, आणि सत्तर वर्षांत तिला आतून किती गंज लागलाय हे कोणी पाहिलेलं नाही.

आता पाटे. पाट्याचं वजन पेलण्याचं काम सगळ्यांना दिसतं. दुसरं काम दिसत नाही: तुमच्या गाडीचा मागचा एक्सल पाट्यांनीच जागेवर धरलेला आहे. तो पुढे-मागे सरकू नये, आडवा जाऊ नये, क्लच सोडल्यावर किंवा ब्रेक मारल्यावर स्वतःभोवती फिरू नये, हे सगळं पाटाच बघतो. बलून यातलं काहीही करत नाही. तो उभं वजन घेतो, बस. पाटे काढले की एक्सल धरायला चार दांड्या लागतात. दोन खाली, दोन वर. वरच्या दोन तिरप्या नसतील तर आडवं सरकणं थांबवायला पाचवी, पॅनहार्ड रॉड. प्रत्येक दांडीच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट, आणि ते सगळे चासीला आणि एक्सल हाउसिंगला वेल्ड. हाउसिंगवर एका बाजूने वेल्डिंगची उष्णता गेली की ती नळी वाकते. मग ॲक्सल शाफ्टचं बेअरिंग का टिकत नाही म्हणून तुम्ही वर्षभर डोकं खाजवत बसाल.

(जुनी शेवरलेट असलेल्या वाचकांसाठी वेगळी सूचना: १९५४पर्यंतच्या शेवरलेटना उघडा प्रोपेलर शाफ्ट नसून टॉर्क ट्यूब असते, एक्सलला फिरण्यापासून ती नळी रोखते. तिथे चार दांड्यांचा हिशेबच बदलतो. डॉजचे आराखडे शेवरलेटवर डकवू नका.)

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. मुख्य पाटा ठेवा, त्याच्याखालचा एखादा ठेवा, बाकीचे काढून तेल लावून, कापडात गुंडाळून, डावे-उजवे लिहून माळ्यावर ठेवा. एक्सल जागेवर धरायला तेवढे पुरतात, वजनाचा मोठा वाटा बलून घेईल. बलूनचा खालचा ब्रॅकेट पाट्याच्या यू-बोल्टमध्येच पकडा. वरचा चासीला, शक्यतो मूळ भोकांतून, आतून स्पेसरची नळी घालून १०.९ ग्रेडच्या बोल्टने. स्पेसर विसरलात तर बोल्ट आवळताना चासीची पोकळ पेटी दबते आणि बोल्ट कधीच नीट घट्ट होत नाही. ब्रॅकेटला ६ मिमी प्लेट पुरे. कोपऱ्यात गसेट (तिकोनी आधारपट्टी) द्या, पण बलूनला लागेल अशी एकही धार ठेवू नका.

या मार्गाने गाडी जमिनीला टेकणार नाही, हे आधीच सांगतो. एक्सल आणि चासी यांच्यात आज किती मोकळी जागा आहे ते मोजा. ७५ मिमी असेल तर त्यातले २५ रबरी बम्प स्टॉपला (धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याला) सोडा. उरले ५० मिमी, म्हणजे दोन इंच. तेवढी खाली बसेल. मला विचाराल तर किंग्जवेसारख्या उंच, गोल पाठीच्या गाडीला दोन इंचच शोभतात. जमिनीला चिकटलेली किंग्जवे कासवासारखी दिसते.

आता बसचे बलून. यावर जरा थांबतो, कारण हा मोह मी अंबडला माझ्या शेडमध्ये फार लोकांना झालेला पाहिलाय. आधी गाडी वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा, मागची ठेवून एकदा, अशा दोन पावत्या घ्या. समजा, मागे ७०० किलो आले. त्यातून एक्सल, चाकं, ड्रम यांचे साधारण १५० किलो वजा करा, कारण ते बलूनच्या वर नसून खाली आहेत. उरले ५५०, एका बाजूला २७५. त्यातले ७५ उरलेले पाटे घेतील असं धरा. एका बलूनवर आले २०० किलो.

बलूनचं गणित सोपं आहे: वजन भागिले परिणामी क्षेत्रफळ (हवा प्रत्यक्षात जेवढ्या भागावर ढकलते तेवढं) म्हणजे लागणारा दाब. बसच्या बलूनचा परिणामी व्यास २५ सेंमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. सेंमी. २०० किलोला दाब लागतो चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो, म्हणजे जेमतेम ६ पीएसआय (चौरस इंचाला पौंड). एवढ्या हवेत बलून ताठ राहत नाही. रबर घडीत घडी घालतं, चिमटतं आणि तिथेच फाटतं. शिवाय दाबाच्या काट्यावर ६ पीएसआय नीट वाचताही येत नाही. याउलट ९ सेंमी परिणामी व्यासाचा छोटा स्लीव्ह (नळीसारखा) बलून घ्या. क्षेत्रफळ ६४, दाब ३.१ किलो, म्हणजे ४४ पीएसआय. इथे बलून सुखात असतो. चालत्या उंचीला ४० ते ८० पीएसआयच्या दरम्यान यावं असाच बलून निवडा. मोठा बलून म्हणजे भारी बलून हा समज बस डेपोत ठीक आहे. आणि भंगारातला बलून तर कधीच नको. रबराचं वय बाहेरून कळत नाही.

पुढे हिशेब वेगळा आहे. पुढे तुमच्या गाडीला कॉइल स्प्रिंग आहे आणि ती खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, चाकाजवळ नाही. चाकावर ३५० किलो येत असतील, आर्मच्या बिजागरीपासून चाकाकडचं टोक ४० सेंमीवर आणि स्प्रिंग २२ सेंमीवर असेल, तर स्प्रिंगच्या जागी ३५० गुणिले ४० भागिले २२, म्हणजे ६३६ किलो येतात. तिथे १२.५ सेंमी परिणामी व्यासाचा दुहेरी बेलोचा (दोन फुगवट्यांचा) बलून चालेल. क्षेत्रफळ १२३, दाब ५.२ किलो, सुमारे ७४ पीएसआय. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या टेपने मोजून तुमचे काढा. बलून फुगल्यावर किती जाड होतो तेही बघा. स्प्रिंगच्या खोबणीत तो चहूबाजूंनी किमान बोटभर सुटा राहिला पाहिजे. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून, गाडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर ठेवून, हात घालून तपासा. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लागेल.

शॉकॲब (शॉक ॲब्सॉर्बर) हवेच. आणि दोन्हीकडे अटकाव हवा. खाली बसताना बम्प स्टॉपवर बसली पाहिजे, बलूनच्या आतल्या प्लेटवर नाही. जॅकवर उचलताना चाक लोंबलं तर तो ताण पट्ट्याने किंवा साखळीने घ्यावा. नाहीतर बलून त्याच्या कडीतून उपटला जातो.

राहिली वीज. तुमच्या गाडीला मूळची ६ व्होल्टची वायरिंग आहे आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आहे. बाजारातले कॉम्प्रेसर १२ व्होल्टचे. यासाठी सगळी गाडी १२ व्होल्टवर नेऊ नका. डायनामो, काटे, वायपर सगळंच हातात येईल. डिकीत वेगळी १२ व्होल्टची बॅटरी ठेवा, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्हच्या दोन्ही वायर थेट तिच्यापर्यंत न्या, बॉडीचा अर्थिंगसारखा (परतीच्या वायरीसारखा) वापर करू नका. बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले, वायर ६ चौ. मिमी. रात्री घरच्या चार्जरवर लावा. रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला एवढं भरपूर आहे.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हवा मऊ असते तर वळणावर गाडी जास्त कलणार नाही का? आणि आतच हवा असताना वेगळा शॉकॲब कशाला? (मुलगी, ओझर)

उत्तर : बाळ, दुसरा प्रश्न आधी. दाबलेली हवा घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत देते, स्प्रिंगसारखीच. खड्ड्यातून चाक वर आलं, हवा दबली, आणि लगेच तिने चाक खाली ढकललं. हा झोका थांबवायला ऊर्जा कुठेतरी उष्णतेत जायला हवी, ते काम शॉकॲबमधलं तेल बारीक भोकातून जाताना करतं. बस बाजूने चालताना शेपटीकडून होडीसारखी हलताना दिसली तर नव्याण्णव टक्के शॉकॲब गेलेला असतो, बलून शाबूत असतो.

आता कलण्याचं. कॉइल स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला असतो. बलूनचा कडकपणा दाबाबरोबर वाढतो. म्हणून वजन वाढलं, तुम्ही हवा भरून उंची पूर्ववत केली, की डोलण्याची गती साधारण तीच राहते. रिकामी बस आणि भरलेली बस सारखीच आरामशीर वाटते ती यामुळे. जनरल मोटर्सने १९५३ साली पीडी-४१०४ या लांब पल्ल्याच्या बसला हवेचं सस्पेन्शन दिलं. आज कसारा घाटातून चढणाऱ्या वातानुकूलित बसखालीही तत्त्व तेच आहे.

कलणं मात्र पाइप कसा जोडलाय यावर ठरतं. पैसे वाचवायला लोक डाव्या-उजव्या बलूनला एकच व्हॉल्व्ह आणि मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावतात. उजवीकडे वळताना डावा बलून दबतो, त्यातली हवा टीमधून उजव्यात जाते, उजवी बाजू उचलली जाते आणि गाडी आणखी कलते. प्रत्येक बलूनला स्वतंत्र पाइप आणि स्वतंत्र व्हॉल्व्ह, म्हणजे हा रस्ता बंद. त्याउपर अँटिरोल बार (कलणं रोखणारी आडवी दांडी) असेल तर तो काढू नये. प्रोजेक्ट करणार असशील तर दोन बलून, एक टी आणि दोन प्रेशर गेज एवढ्यावर हा प्रयोग टेबलावर होतो. परीक्षकांना गाडीच्या मॉडेलपेक्षा तो जास्त आवडेल.

प्रश्न : अमेरिकेत म्हणे गाड्या कंपनीतूनच हवेच्या सस्पेन्शनवर येत होत्या. मग बंद का झाल्या? आणि व्हिडिओत १९६४ची इम्पाला उड्या मारते ती हवेवरच का? (कॉलेज रोड)

उत्तर : हो, येत होत्या. कॅडिलॅकच्या १९५७च्या एल्डोराडो ब्रूमला ते मूळचंच होतं, १९५८ला शेवरलेटनेही जादा पैसे घेऊन दिलं. गळती आणि पाइपात साठणारं पाणी यांनी लोक जेरीस आले, आणि बऱ्याच मालकांनी ते काढून साध्या कॉइल घालून घेतल्या. कल्पना चांगली होती, सील आणि व्हॉल्व्ह तेवढे चांगले नव्हते. आज कारखान्यांतल्या न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) पॅनेलवर जी फिटिंग सर्रास दिसतात तशी त्यांच्याकडे असती तर गोष्ट वेगळी झाली असती.

उड्या मारणारी इम्पाला हवेवर नाही, तेलावर आहे. कॅलिफोर्नियात १९५०च्या दशकाच्या अखेरीस गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको असा कायदा आला. रॉन अगीरे या तरुणाने १९५९च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेटला विमानाच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर लावले. पोलिस दिसला की गाडी वर, गेला की खाली. ओझरच्या विमान कारखान्यात उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला या माणसाबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे. तेल दबत नाही म्हणून ते झटका देतं आणि गाडी उसळते. हवा दबते म्हणून ती चालवायला मऊ. उड्या मारायच्या असतील तर १९६४च्या इम्पालाची एक्स आकाराची चासी आधी भरपूर मजबूत करून घ्यावी लागते. किंग्जवेवाल्यांनी हे वाक्य वाचू नये.

प्रश्न : माझी १९५७ची बेल एअर व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. एअर सस्पेन्शन केल्यावर आरटीओ अडवेल का? (इंदिरानगर)

उत्तर : क्रम उलटा करा. आधी नोंदणी, तीही गाडी मूळ रूपात असताना.

जुलै २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेजची तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली, अशी अट आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. रोजच्या वापराला आणि धंद्याला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते.

म्हणजे मागच्या चासीला खाच मारलीत की या दारातून तुम्ही स्वतःहून बाहेर पडलात. बोल्टने बसवलेलं सगळं उतरवून, मूळ पाटे चढवून गाडी पूर्ववत करता येते, हा मोठा फरक आहे. पण बोल्ट आहेत म्हणून कायदा डोळे मिटेल असंही समजू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम १८२अ सांगतं. आपल्या आरटीओत ब्रॅकेटच्या ड्रॉइंगसह लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखीच घ्या. एजंटच्या ‘होऊन जातं साहेब’वर विसंबू नका.

प्रश्न : माझ्या स्कॉर्पिओला बसेल का?

उत्तर : बसेल. गरज नाही. शॉकॲब बदला.

प्रश्न : बाहेरून आणलेलं किट बसवलंय. रात्री उभी केली की सकाळी पुढची डावी बाजू खाली. बलून बदलू का? (सिन्नर)

उत्तर : बलून सगळ्यात शेवटी. साबणाचं पाणी घट्टसर करा, ब्रश घ्या, गाडी वर करून आधी फिटिंगचे जोड, मग व्हॉल्व्ह, मग पाइप, मग बलूनची कडी. बहुतेक वेळा बुडबुडे पहिल्या दोन ठिकाणीच येतात. पाइपाचं टोक ब्लेडने तिरपं कापलेलं असेल तर पुश फिटिंगची रिंग नीट बसत नाही. पाइप कापायची छोटी कात्री मिळते, तिने काटकोनात अर्धा इंच कापून पुन्हा बसवा. पाइप कारखान्यातला निळा पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर तो काढून ट्रकच्या एअर ब्रेकला वापरतात तो नायलॉनचा टाका. पीयू इंजिनच्या उष्णतेत मऊ पडतो, आणि त्याची दाब सहन करायची ताकद तिथे निम्म्यावर येऊ शकते.

फिटिंग कोरडी निघाली आणि बाजू तरीही बसत असेल, तर त्या बलूनचा पाइप व्हॉल्व्हवरून सोडा आणि टोकाला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावून हातपंपाने हवा भरा. सकाळी उंची टिकली तर दोष सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्याच्या सीटवर हवेच्या टाकीतला गंज किंवा पाण्यासोबत आलेला कचरा अडकतो. टाकीच्या बुडाचा कॉक पावसाळ्यात दर आठवड्याला उघडायचा असतो, आणि तो बहुतेकांना कुठे आहे हेच माहीत नसतं. उघडाल तेव्हा चेहरा बाजूला ठेवा. १४० पीएसआयचं तांबडं पाणी शर्टावरून जात नाही.